गोष्टीचा वारस कोण?

एखादी गोष्ट आपल्याला मनापासून आवडलेली असते. तिच्यातली माणसे घरच्यासारखी झालेली असतात. मग एके दिवशी कळते, की त्या गोष्टीचा पुढचा भाग आला. आपण मोठ्या हौसेने जातो आणि परत येतो ते तोंड कडू करून. या कडवटपणाविषयी आज मी तुमच्याशी चार शब्द बोलणार आहे.

तुमच्यापैकी कुणी म्हणेल, सिनेमाच तो! आवडला तर पाहावा, नाही तर सोडून द्यावा. म्हणणे खोटे नाही. पण मी महाविद्यालयात साहित्य शिकवतो. एखाद्या सिनेमाने निराश झालेला विद्यार्थी, 'सर, पार वाट लावली हो गोष्टीची!' एवढे एकच वाक्य बोलतो आणि थांबतो. त्या एका वाक्याच्या पोटात पुष्कळ काही दडलेले असते. ते बाहेर काढायला त्याला मदत करणे हे शिक्षकाचे काम आहे असे मला वाटते. म्हणून एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. ते आहे 'स्टार वॉर्स' या अमेरिकन चित्रपटमालिकेचे, आणि त्यातही २०१९ साली आलेल्या तिच्या नवव्या भागाचे.

ज्यांनी ही मालिका पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडी ओळख करून देतो. जॉर्ज लुकास या दिग्दर्शकाचा पहिला 'स्टार वॉर्स' २५ मे १९७७ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला. सुरुवातीला तो मोजक्याच चित्रपटगृहांत लागला होता. पण बघता बघता त्याचे नाव जगभर झाले. त्यात अवकाशयाने आहेत, यंत्रमानव आहेत, प्रकाशाच्या तलवारी आहेत. पण हे सगळे बाजूला सारले, तर आत काय उरते? एक शेतकऱ्याचा पोर!

ल्यूक त्याचे नाव. दोन सूर्य तापणाऱ्या एका कोरड्या ग्रहावर तो काका-काकूंजवळ वाढतो. पाऊस नाही, नदी नाही. हवेतला ओलावा यंत्रांनी पकडून पाणी काढायचे, ही त्यांची शेती. पोराला बाहेर पडायचे आहे, शिकायचे आहे. काका म्हणतो, एवढा हंगाम निघू दे, मग बघू. श्रोतेहो, हे वाक्य तुमच्या कानांना परके वाटले का? ट्युनिशियाच्या वाळवंटात चित्रित झालेला तो प्रसंग आपल्याकडच्या कुठल्याही कोरडवाहू गावात घडू शकला असता. गोष्ट दूरच्या ताऱ्यांची असली तरी दुःख ओळखीचे होते.

या पोराला एक म्हातारा गुरू भेटतो. तो सांगतो, की सगळ्या सजीवांतून निर्माण होणारी एक शक्ती आहे. ती आपल्या भोवती आहे, आपल्या आत आहे, आणि तिनेच हे विश्व बांधून ठेवले आहे. मन शांत केले, सराव केला, विश्वास धरला, की ती आपल्याला साथ देते. आता लक्षात घ्या, शक्ती जर साऱ्या सजीवांतून येत असेल, तर ती कुणा एका घराण्याची नाही. दार सगळ्यांना उघडे आहे. माझ्या मते, या गोष्टीवर इतक्या लोकांनी जीव लावला त्याचे एक मोठे कारण हे उघडे दार आहे. पाहणाऱ्या प्रत्येक पोराला वाटले, की कुणी सांगावे, उद्या आपलीही पाळी येईल!

पण खरे सांगायचे तर, हे दार पुढे हळूहळू लोटले जाऊ लागले. १९८० सालच्या दुसऱ्या भागात कळले, की मालिकेतला काळ्या मुखवट्याचा खलपुरुष व्हेडर हाच ल्यूकचा बाप. हा धक्का आज जगप्रसिद्ध आहे. पण तो आधीपासून ठरलेला नव्हता. ली ब्रॅकेट या लेखिकेने १९७८ साली केलेल्या पहिल्या मसुद्यात ल्यूकचा बाप आणि व्हेडर ही दोन वेगळी माणसे होती. बाप तोच, ही कल्पना लुकास यांनी नंतरच्या मसुद्यात आणली. कल्पना जोरदार होती, यात शंका नाही. वाईट माणूस जर आपलाच बाप निघाला तर आपण काय करायचे, हा प्रश्न तिने उभा केला. १९८३ सालच्या तिसऱ्या भागात त्याचे उत्तरही मिळाले. ल्यूक बापाला मारत नाही, आणि बाप मुलाला वाचवण्यासाठी दुष्ट सम्राटाला खोल विवरात फेकून देऊन स्वतःचा प्राण देतो. त्याच भागात राजकन्या लीया ही ल्यूकची जुळी बहीण निघाली. म्हणजे उघड्या मैदानातली गोष्ट एका घराच्या ओसरीवर आली.

पुढे सोळा वर्षांनी, १९९९ साली, 'द फँटम मेनेस' आला. लोकांनी कितीतरी दिवस त्याची वाट पाहिली होती. त्यात एका गुलाम मुलाच्या रक्ताची तपासणी होते. रक्तातल्या सूक्ष्म जीवांची मोजणी वीस हजारांच्या वर भरते, म्हणून मुलगा थोर! पुष्कळ जुने प्रेक्षक हिरमुसले ते इथे. जी शक्ती साधनेने मिळते असे गुरूने सांगितले होते, ती आता प्रयोगशाळेच्या चाचणीत दिसू लागली. भजनात तल्लीन झालेल्या माणसाला मध्येच थांबवून त्याची नाडी मोजावी, तसे झाले.

पुढे २०१२ साली लुकास यांनी आपली कंपनी डिस्ने या बड्या कंपनीला सुमारे चार अब्ज डॉलरना विकली, आणि २०१५ साली नवे तीन भाग सुरू झाले. आता नायिका होती रे नावाची तरुणी. वाळवंटात मोडक्या यानांचे सुटे भाग गोळा करून ते विकायचे आणि त्या बदल्यात मिळेल ते खायचे, हे तिचे जिणे. आपले आईबाप कोण, हा प्रश्न तिला रात्रंदिवस छळतो. २०१७ सालच्या 'द लास्ट जेडाय' या भागात तिला उत्तर मिळते. तिचे आईबाप कुणीही थोर नव्हते. दारूच्या पैशांसाठी त्यांनी पोर विकली होती. तिला कुळाचा आधार नाही, आणि तरी शक्ती तिच्यापाशी आहे. त्या चित्रपटाचे शेवटचे दृश्य तर आणखी पुढे जाते. श्रीमंतांच्या शर्यतीच्या जनावरांचा गोठा झाडणारे एक पोर हात पुढे करते, आणि दूरचा झाडू आपोआप त्याच्या हातात येतो. त्या पोराचे घराणे कुणी विचारत नाही. १९७७ साली उघडलेले दार पुन्हा सताड उघडले होते.

हा भागही सगळ्यांना रुचला असे नाही. ल्यूकला थकलेला, हरलेला म्हातारा दाखवला म्हणून अनेकजण चिडले. कथानक मध्येच रेंगाळते असे काहींनी म्हटले. त्या तक्रारींतही तथ्य आहे. पण गोष्टीचा मूळ शब्द त्या भागाने पाळला होता, असे माझे मत आहे.

आणि मग २० डिसेंबर २०१९ रोजी नववा भाग आला, 'द राइज ऑफ स्कायवॉकर'. त्यात सांगितले गेले, की रे ही त्याच दुष्ट सम्राटाची सख्खी नात! आईबाप सामान्य नव्हतेच. तिला लपवण्यासाठी त्यांनी सामान्यांचे सोंग घेतले होते. आणि १९८३ साली विवरात पडून मेलेला तो सम्राटही परत आला, कसा ते धड न सांगता.

इथे निराशा दुहेरी आहे. पहिली गोष्ट अशी, की बापाने मुलासाठी केलेल्या त्यागाची किंमत उतरली. ज्याला मारण्यासाठी त्याने प्राण दिला तो मेलाच नव्हता, तर मग त्या मरणाचे वजन ते काय राहिले? दुसरी गोष्ट मला अधिक लागते. रेजवळ शक्ती का, याला उत्तर मिळाले, रक्तामुळे. गोठा झाडणारे ते पोर नवव्या भागात कुठे दिसतही नाही.

आपण महाभारत ऐकत वाढलेली माणसे आहोत. भर रंगमंडपात कर्णाला कूळ विचारले जाते, तेव्हा आपल्या पोटात कालवते. कर्ण जन्माने कोण हे ऐकणाऱ्याला ठाऊक असते, तरी तो प्रश्न विचारणेच अन्यायाचे वाटते. नवव्या भागाने नेमका तोच प्रश्न रेला विचारला, आणि तिला एक मोठे कूळ शोधून दिले.

याला उत्तर देणारेही आहेत, आणि त्यांचे म्हणणे ऐकले पाहिजे. ते म्हणतात, शेवटी रे आजोबांचे नाव टाकते, ल्यूकच्या काकांच्या त्या जुन्या शेतघरावर जाते, आणि कुणी नाव विचारले तेव्हा स्कायवॉकर सांगते. म्हणजे रक्त नव्हे, निवड श्रेष्ठ, असाच तर याचा अर्थ झाला! युक्तिवाद चांगला आहे. पण मी विचारतो, की तिला कुठल्यातरी मोठ्या घराण्याचे आडनाव लावण्याची गरज का पडावी? नुसते 'रे' म्हणून तिला उभे राहता आले नसते का? एका राजवाड्यातून निघून दुसऱ्या राजवाड्यात जाणे ही सुटका खरी. पण झोपडीतल्या पोराला त्यातून काय मिळाले?

असे का झाले असावे? एक कारण उघड आहे. तीन भागांचा आराखडा आधी पक्का नव्हता. आठव्या भागाचा लेखक-दिग्दर्शक वेगळा, सातव्या-नवव्याचा वेगळा. नवव्या भागासाठी नेमलेला पहिला दिग्दर्शक २०१७ साली बाजूला झाला. लीयाची भूमिका करणाऱ्या कॅरी फिशर २०१६ च्या डिसेंबरात वारल्या, आणि आधीच्या चित्रीकरणातले उरलेले तुकडे जोडून त्यांचे काम पूर्ण करावे लागले. रेची भूमिका करणाऱ्या डेझी रिडली यांनी २०२० साली एका मुलाखतीत सांगितले, की तिचे कूळ काय याचा निर्णय वेळोवेळी बदलत गेला. विहीर खणताना रोज जागा बदलली तर पाणी कसे लागणार? तिकिटे मात्र खपली. चित्रपटाने जगभरात एक अब्ज डॉलरहून अधिक मिळवले. गल्ला भरला म्हणजे गोष्ट भरून आली असे नव्हे.

आता मी जरा नाजूक विषयाकडे वळतो. निराशा खरी असली, तरी ती कुणावर काढायची, हा प्रश्न राहतोच. १९९९ सालच्या चित्रपटात जार जार बिंक्स नावाचे एक विनोदी पात्र होते. ते लोकांना मुळीच आवडले नाही. पण राग पात्रापुरता राहिला नाही. ते साकारणारे तरुण नट अहमद बेस्ट यांच्यावर तो तुटून पडला. २०१८ साली बेस्ट यांनी उघडपणे सांगितले, की त्या काळात आपण जीव देण्याच्या टोकाला पोचलो होतो. २०१७ च्या चित्रपटातल्या केली मरी ट्रान या व्हिएतनामी वंशाच्या अमेरिकन नटीला तर तिच्या वंशावरून आणि रूपावरून इतके हिणवले गेले, की तिने २०१८ साली इन्स्टाग्रामवरचे आपले सगळे लिखाण पुसून टाकले. पुढे तिने वर्तमानपत्रात लेख लिहून आपली बाजू मांडली. नवव्या भागात तिच्या वाट्याला फारच थोडे काम आले.

श्रोतेहो, जरा विचार करा. हे हिणवणारे लोक स्वतःला त्या गोष्टीचे खरे भक्त म्हणवत होते. दार सगळ्यांना उघडे आहे, हे त्या गोष्टीचे सांगणे. आणि हेच भक्त दारात उभे राहून म्हणत होते, तू आमच्यातली नाहीस! नवव्या भागाच्या कर्त्यांनी गोष्ट एका घराण्याला लिहून दिली. या भक्तांनी ती आपल्याच नावावर करून घेतली. चूक एकाच जातीची, पण दुसरी अधिक वाईट. तिने जिवंत माणसाला घायाळ केले.

म्हणून माझ्या शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक सुचवावेसे वाटते. आजची मुले हे चित्रपट हातातल्या फोनवरही पाहतात आणि तिथेच आपला रागही लिहून मोकळी होतात. 'वाट लावली' असे एखादे पोर म्हणाले, तर त्याला गप्प करू नका. त्याला तीन प्रश्न विचारा. या गोष्टीने तुला आधी कोणता शब्द दिला होता? तो नेमका कुठे मोडला? आणि तो कुणी मोडला. लिहिणाऱ्याने, विकणाऱ्याने, की पडद्यावर नुसते सांगितलेले काम करणाऱ्याने? या तीन प्रश्नांची उत्तरे ज्याला देता आली, तो टीका करायला शिकला. ज्याला देता आली नाहीत, त्याच्यापाशी नुसती शिवी उरते.

राहता राहिला आपला कडवटपणा. पुढचा भाग बिघडला म्हणून मागचा भाग बिघडत नाही. नातवाने वाड्याची रया घालवली, तरी आजोबांनी लावलेला आंबा मोहरायचे थांबत नाही. ल्यूक अजूनही त्या कोरड्या शेताच्या कडेला उभा राहून मावळणारे दोन सूर्य पाहतो आहे. अहमद बेस्ट यांचेच पाहा. २०२३ साली याच कथाविश्वातल्या एका दूरचित्रवाणी मालिकेत ते पुन्हा दिसले. या वेळी एका लहान बाळाला शत्रूंच्या गराड्यातून सोडवणारा शूर पुरुष म्हणून. त्यांच्या परतण्याचे अनेकांनी मनापासून स्वागत केले.

आणि गोठा झाडणारे ते पोर? पुढच्या भागाने त्याला विचारले नाही. पण २०१७ च्या चित्रपटातून त्याला कुणी काढूनही टाकलेले नाही. हातात झाडू घेऊन ते आजही आकाशाकडे पाहत उभे आहे. तुमच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसणाऱ्या पोराला ते दृश्य जरूर दाखवा, आणि त्याला काय वाटले ते विचारा.