बिऱ्हाड पाठीवर



विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, असे आपण हिणवून म्हणतो. टोनी आणि मॉरीन व्हीलर या तरुण दांपत्याने तेच बिऱ्हाड हौसेने पत्करले. 1972 साली लंडनमध्ये 65 पौंडांना घेतलेल्या जुन्या मोटारीतून ते निघाले. काबूलला मोटार विकली. पुढे मिळेल त्या वाहनाने पाकिस्तान, भारत, नेपाळ, थायलंड, इंडोनेशिया ओलांडून ते सिडनीला पोचले, तेव्हा खिशात 27 सेंट उरले होते. या प्रवासावर त्यांनी 1973 साली एक छोटे पुस्तक स्वतःच काढले. 'लोनली प्लॅनेट' ही प्रकाशनसंस्था त्यातूनच उभी राहिली.

लोक या कथेत पैशांचा हिशेब पाहतात. आम्ही कामगार चळवळीतली माणसे वेळेचा पाहतो. हाती महिनेच्या महिने मोकळे होते, म्हणून थोड्या पैशांत खंड पार झाला. आमच्याकडे नवराबायको दोघेही कामाला. पै-पै साठवतील, पण दोघांना एकदम रजा कोण देतो? 1948 च्या कारखाना कायद्याने वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजा दिली. ती मिळवायलाही झगडावे लागले आणि मिळाली ती आजारपणात, लग्नकार्यात संपली.

तेव्हा पुढच्या मागणीपत्रात 'पतिपत्नीला एकाच वेळी रजा' असे कलम आम्ही घातले, तर हसू नका. पाठीवर बिऱ्हाड घ्यायची ताकद कामगाराला आहे. त्याला हवे आहेत ते दिवस.