दिवस कुणाचे मोजले जातात?

(सल्लाकेंद्रांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



आजचा विषय तुम्हाला जरा लांबचा वाटेल. ऑस्ट्रेलियाचा व्हिसा आणि आपलं सल्लाकेंद्र यांचा काय संबंध? पण अलीकडे आपल्याकडे येणाऱ्या परित्यक्तांमध्ये परदेशातून माहेरी आणून सोडलेल्या मुलीही असतात. नवरा इंजिनीअर, नाहीतर कॉम्प्युटरवाला. कुशल कामगार म्हणून त्याला तिथं कायम राहण्याचा व्हिसा मिळालेला आणि त्याच अर्जात बायकोचंही नाव. अशी मुलगी आली की आपण पोटगीचं विचारतो, स्त्रीधनाचं विचारतो. व्हिसाचं विचारत नाही.

आधी नियम समजून घेऊ. ऑस्ट्रेलियात कुशल स्थलांतरितांसाठी १८९ आणि १९० या क्रमांकांचे कायम व्हिसा आहेत. मंजुरी मिळाली की तिथं राहण्याचा हक्क कायमचा. पण देशाबाहेर जाऊन परत येण्याची मुभा मंजुरीच्या तारखेपासून फक्त ५ वर्षांची. ती वाढवून घ्यायला ‘रेसिडेंट रिटर्न व्हिसा’ मागावा लागतो. त्यासाठी मागच्या ५ वर्षांत कायम रहिवासी म्हणून एकूण २ वर्षं, म्हणजे ७३० दिवस, तिथं राहिलेलं असावं लागतं. दिवस सलग नसले तरी चालतात.

कागदावर हा नियम बाई-पुरुष दोघांना सारखा. पण दिवस जातात कसे ते पाहा. व्हिसा मिळाल्यावर नवरा नोकरीसाठी पुढं जातो. ‘घर लागलं की तुला नेतो,’ म्हणतो. ती सासरी राहते. तिचं घड्याळ मात्र मंजुरीच्या दिवशीच सुरू झालेलं असतं. मग ती जाते. वर्षभरात सासूचं ऑपरेशन निघतं. मुलाला रजा नसते, म्हणून सून येते. मग बाळंतपण माहेरी. पुरुषाची गैरहजेरी तीन आठवड्यांच्या रजेची, बाईची गैरहजेरी महिनोन्‌महिन्यांची. घरच्यांची सेवा, बाळंतपण, मूल सांभाळणं, यातलं काहीच त्या ७३० दिवसांत धरत नाहीत. बाईच्या कामाची मोजदाद होत नाही, हे आपण इतकी वर्षं म्हणत आलो. इथं ते काम तिच्या नावावर उणे म्हणून लागतं.

एक हिशेब मांडते. समजा मंजुरीनंतर १४ महिन्यांनी ती गेली, १६ महिने राहिली आणि सातव्या महिन्यात माहेरी धाडली गेली. बाळ झालं, आणि नवऱ्याचे फोन बंद झाले. ५ वर्षांतले ३० महिने संपले, ३० उरले. दोन वर्षं भरायला तिला अजून ८ महिने हवेत. आता आपण काय करतो? दोन्हीकडची वडीलधारी माणसं बसवतो. ‘थोडं थांब, निवळेल,’ असं तिला सांगितलं जातं. दिवाळी जाते, बाळाचा वाढदिवस जातो. नवऱ्याला तारीख पाठ असते. तो भांडतही नाही, नुसता वेळ काढतो. मुदत संपली की परतीचं दार लागतं, आणि तिनं तिथल्या कोर्टात उभं राहण्याची त्याची भीती बरीच कमी होते.

म्हणून काही गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा.

पहिली, हा कायम व्हिसा तिचा स्वतःचा आहे. ‘तुझा व्हिसा रद्द करून टाकीन,’ ही धमकी असते. नवऱ्याला तो अधिकार नाही. मात्र ४९१ सारख्या तात्पुरत्या व्हिसाचे नियम वेगळे आहेत, म्हणून क्रमांक आधी पाहा.

दुसरी, मुदत संपण्याआधी ती तिथं पोचली, अगदी शेवटच्या दिवशी जरी उतरली, तरी तिचा राहण्याचा हक्क शाबूत राहतो. उरलेले दिवस तिथं राहून भरता येतात. तोवर तिनं देश सोडायचा नाही, एवढंच.

तिसरी, पासपोर्ट त्यानं ठेवून घेतला म्हणून व्हिसा जात नाही. १ सप्टेंबर २०१५ पासून ऑस्ट्रेलिया पासपोर्टवर व्हिसाचं लेबल चिकटवत नाही, सगळी नोंद संगणकावर असते. पोलिसांत तक्रार द्यावी, नवा पासपोर्ट काढावा आणि त्याचा नंबर तिथल्या खात्याला कळवावा. मंजुरीचं पत्र बहुतेकदा नवऱ्याच्या ई-मेलवर असतं. पण तिथल्या १९८२ च्या माहितीच्या कायद्याखाली आपली स्वतःची कागदपत्रं विनाशुल्क मागता येतात. आल्या-गेल्याच्या तारखाही खात्याकडे असतात. नवऱ्यापुढं हात पसरायची गरज नाही.

चौथी, बाळाची. आईबाप दोघंही फक्त कायम रहिवासी असतील, तर तिथं जन्मलेलं मूल जन्मानं नागरिक होतं. इथं जन्मलेल्या मुलाला मात्र वेगळा व्हिसा काढावा लागतो. म्हणजे माहेरच्या बाळंतपणानं आईचे दिवस जातात आणि मुलाचा हक्कही जातो. मुलीला बाळंतपणाला आणताना हे घरात बोललं गेलं पाहिजे.

पाचवी, मुदत संपली असली तरी अर्ज करता येतो. तिथं नोकरी, व्यवसाय किंवा जवळचं माणूस असल्याचं दाखवता आलं, तर जास्तीत जास्त वर्षभराची मुभा मिळू शकते. सबळ आणि सहानुभूतीनं पाहण्याजोगी कारणं असली, तर ३ महिन्यांचीही तरतूद आहे. पण ते अधिकाऱ्याला पटवावं लागतं. ७३० दिवस भरलेले असले की कुणाची मनधरणी करावी लागत नाही.

परत जाणं म्हणजे नवऱ्याच्या घरी जाणं नव्हे, हेही तिला सांगा. व्हिक्टोरिया राज्यानं २०१८ मध्ये कायदा दुरुस्त करून हुंड्यासाठीचा छळ कौटुंबिक हिंसेत धरला. तिथं दाद मागता येते. पण खोटी आशाही दाखवू नका. २०१९ पासून नव्या रहिवाशांना बहुतेक सरकारी भत्त्यांसाठी ४ वर्षांपर्यंत थांबावं लागतं. जायचं की नाही, हे तीच ठरवील. आपलं काम इतकंच की ठरवण्याआधी तिची मुदत संपू नये.

संगमनेरला १९८८ मध्ये परित्यक्तांची परिषद झाली. त्या चळवळीनं बाईच्या स्वतःच्या नावावर रेशनकार्ड मागितलं, कारण नवऱ्याच्या कार्डावरचं नाव त्याच्या मर्जीवर असतं. या मुलींचं नाव व्हिसावर आहे, स्वतःचं आहे. ते टिकवायचं आहे.

म्हणून माझी सूचना साधी आहे. आपल्या केंद्राच्या नोंदणी फॉर्मवर चार रकाने वाढवा. व्हिसाचा क्रमांक काय, मंजूर कधी झाला, आजवर तिथं किती दिवस राहिली, पासपोर्ट कुणाकडे आहे. हे पहिल्याच भेटीत विचारा. समेटाची बैठक त्यानंतर.