मान वाढला, पगार तोच



या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे आणि आमच्यासारख्यांनी मागच्या रांगेत बसून ऐकावे, अशी आमची आजवरची रीत. आमचे शिक्षण शाळेपेक्षा यंत्राशेजारी आणि युनियनच्या कचेरीतल्या कपाटापाशी अधिक झाले. तेव्हा आज पांडित्य सांगणार नाही. घरोघरी येणारा एक साधा प्रश्न आपल्यापुढे ठेवणार आहोत.

गेल्या वर्षी एका संध्याकाळी एक तरुण कामगार पेढ्यांचा पुडा घेऊन आमच्याकडे आला. बरोबर त्याची पत्नीही होती. कारखान्याने त्याला सुपरवायझर केले होते. पत्र नीट टाईप केलेले, खाली साहेबांची सही. आम्ही पेढा तोंडात टाकला आणि विचारले, "पगार किती वाढला?" तो म्हणाला, "पगाराचं नंतर बघू म्हणालेत, दादा. आधी जबाबदारी घेऊन दाखव म्हणाले." त्याची पत्नी काही बोलली नाही, तिने फक्त पुडा बंद केला.

बढती घ्यावी की नाकारावी? पुष्कळांना वाटते, यात विचार कसला करायचा? पगार तोच राहिला तर नुकसान काही नाही, मान तेवढा पदरात पडला. पण पगार तोच राहतो हे खरे आहे काय? आपण हिशेब मांडून पाहू.

समजा, एखाद्या कामगाराला महिन्याला 20,800 रुपये मिळतात. 26 दिवसांनी भागले की दिवसाचे 800 आणि आठ तासांनी भागले की तासाचे 100 रुपये. जादा कामाला दुप्पट दर, हा हक्क 1948 च्या कारखाना कायद्याने दिला आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आलेल्या नव्या संहितांनीही तो दर कायम ठेवला आहे. महिन्यात सोळा तास जादा काम झाले तर 3,200 रुपये होतात. सुपरवायझर झाल्यावर तो सात वाजेपर्यंत थांबेल, पण बहुतेक ठिकाणी त्याला जादा कामाचा पैसा मिळणार नाही. म्हणजे कागदावर पगार तोच राहिला, तरी घरात 3,200 रुपये कमी आले. मुलाची शिकवणी, आईचे औषध, भिशीचा हप्ता, यांपैकी एकावर गदा आलीच. ही बढती नव्हे, ही पगारकपात आहे. फक्त तिच्याबरोबर पेढे वाटले जातात.

दुसरी गोष्ट कायद्याची. देखरेखीचे काम करणारा मनुष्य कामगार केव्हापर्यंत मानावा, याची एक रेघ कायद्याने आखलेली आहे. 1956 च्या दुरुस्तीने ती महिना 500 रुपयांवर आखली. पुढे ती 1,600 झाली, 2010 साली 10,000 झाली आणि 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेने 18,000 केली. या रेघेच्या वर पगार असलेला मनुष्य खरोखर देखरेखीचे काम करू लागला की तो कामगार राहत नाही. उद्या त्याला कामावरून काढले तर कामगार म्हणून औद्योगिक न्यायाधिकरणाचे जे दार त्याला उघडे होते, ते बंद होते. वीस हजारांच्या आतबाहेरचा मनुष्य एका पत्राने ही रेघ ओलांडतो, आणि पत्रात याविषयी अक्षरही नसते.

मात्र नुसत्या नावाने काही ठरत नाही, हेही लक्षात ठेवावे. मुंबईच्या एका कंपनीतल्या लघुलेखक-हिशेबनिसाला पुढे 'असिस्टंट' हे नाव मिळाले होते. त्याला काढून टाकल्यावर तो कामगार आहे की नाही, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 1985 साली न्यायालयाने सांगितले की मनुष्याचे मुख्य काम कोणते ते पाहा. किरकोळ जादा कामांवरून किंवा हुद्द्यावरून ठरवू नका. त्याचे मुख्य काम कारकुनी होते, म्हणून तो कामगारच ठरला. तेव्हा नव्या हुद्द्यावर गेलेल्याने रोज काय काम केले ते वहीत दोन ओळींत लिहून ठेवावे. ती वही एखादे दिवशी वकिलापेक्षा उपयोगी पडते.

आता तिसरी गोष्ट. जुन्या मुंबईच्या गिरण्यांत जॉबर असे. माणसे कामाला लावणे, बदली देणे, कामावरून दूर करणे हे त्याच्या हाती. त्याची मिळकत पगारात मावत नसे. कामाला लावलेल्याकडून तो दस्तुरी घेई. 1929 साली नेमलेल्या शाही मजूर आयोगाने 1931 च्या आपल्या अहवालात या पद्धतीवर बोट ठेवले. आम्ही यातून एवढेच घेतले, की ज्याला अधिकार मिळतो पण अधिकाराचे मोल मिळत नाही, तो ते मोल खालच्या माणसाकडून वसूल करण्याच्या मोहात पडतो. कधी पैशाने, कधी नुसत्या अरेरावीने. म्हणून फुकटची बढती ही एकट्याची खाजगी बाब नाही. तिचा भार हाताखालच्यांवरही पडतो.

सरकारने हा हिशेब अधिक सरळ ठेवला आहे. केंद्र सरकारच्या नोकरीत जास्त जबाबदारीच्या पदावर बढती मिळाली की वेतननिश्चिती करताना निदान एक वेतनवाढ धरतात. उलट, पद रिकामे नसेल तर 2008 पासून दहा, वीस आणि तीस वर्षांच्या सेवेनंतर पदावाचून वरचे वेतन देण्याची योजना आहे. पदावाचून पगार देता येतो, तर पगारावाचून पद देणाऱ्याला कारण विचारण्यात उद्धटपणा कसला?

इथवर ऐकून आपणांस वाटेल की आम्ही नकार द्या असे सांगणार. पूर्वी आम्ही तसेच सांगत असू, आणि तेच आज आपल्यापुढे कबूल करावयाचे आहे.

1998 साली आमच्या एका सोबत्याला अशीच बढती आली. तो युनियनचा खजिनदार. पैशाचा चोख, बोलण्यात गोड. आम्ही त्याला बसवून हाच हिशेब समजावला आणि नकार द्यायला लावला. हिशेब खरा होता. पण आमच्या मनात दुसरा हिशेबही होता. तो गेला असता तर तसा खजिनदार आम्हांला मिळाला नसता. ते आम्ही त्याला बोललो नाही. ती जागा दुसऱ्याने घेतली. चार वर्षांनी खाते बंद पडले. सुपरवायझरचा अनुभव गाठीशी असलेल्याला दुसऱ्या कारखान्यात जागा मिळाली. आमच्या सोबत्याने एका सोसायटीच्या फाटकावर रात्रीची राखण केली. त्याने आम्हांला कधी बोल लावला नाही. त्याच्या पत्नीने मात्र एकदा चहाचा कप पुढे ठेवताना विचारले, "भाऊजी, तेव्हा सल्ला देताना आमच्या घराचा विचार केला होतात, की युनियनचा?" आम्हांला उत्तर देता आले नाही. तो चहा तसाच राहिला.

तेव्हापासून आम्ही घ्या किंवा नाकारा असे सांगत नाही. चार प्रश्न विचारायला सांगतो. हातात येणारी रक्कम नेमकी किती कमी होणार? पगाराचे 'नंतर' म्हणजे कोणती तारीख, आणि ती पत्रात लिहून देणार काय? रजा मंजूर करण्याचा, काम वाटण्याचा अधिकार मिळणार, की चूक झाल्यावर नुसता दोष मिळणार? आणि जमले नाही तर जुन्या जागेवर परत येता येईल काय? यांशिवाय एक प्रश्न स्वतःलाच विचारावयाचा: इथे शिकेन ते दुसरीकडे विकले जाईल काय? तसे असेल तर काही महिन्यांची तोशीस हे शिक्षणाचे शुल्क समजावे. मात्र शुल्काला मुदत हवी. आणि सल्ला देणाऱ्यालाही विचारावे, की यात तुमचे काय आहे?

त्या तरुणाला आम्ही हेच सांगितले. शेवटचा प्रश्न त्याच्या पत्नीने तिथेच आम्हांला विचारला. आम्ही म्हणालो, "तो गेला तर आमचा एक सभासद कमी होतो, ताई. तेवढे वजा करून आमचे ऐका." त्या रात्री दोघांनी पगाराच्या पावत्या मांडून हिशेब केला. तो साहेबांकडे गेला आणि उद्धटपणा न करता कागद पुढे ठेवला. साहेबांनी आठवड्याने पत्रात एक ओळ वाढवून दिली: सहा महिन्यांनी वरची श्रेणी, नाहीतर मूळ जागा. त्याने बढती घेतली. सहा महिन्यांनी श्रेणी मिळाली; पुन्हा पेढे आले.

आमच्या वहीत एक सभासद कमी झाला. ती नोंद आम्ही स्वतःच्या हाताने केली, आणि या खेपेस आमचा हात अडखळला नाही.