महाग काय – सायकल की वेळ?

(महिला मेळाव्यात केलेलं भाषण)



पोहणं, सायकल चालवणं आणि धावणं, तिन्ही एकापाठोपाठ एक, मध्ये विश्रांती न घेता. याला ट्रायथलॉन म्हणतात. नाव ऐकलं की वाटतं, हा पैसेवाल्यांचा खेळ. मी बालवाडीत शिकवते. बालवाडीच्या बाईंना पगार किती असतो, ते तुम्हाला सांगायला नको. तरी तीन वर्षं मी हा खेळ खेळते आहे.

सुरुवात छोट्या अंतरापासून करावी. स्प्रिंट प्रकारात ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल आणि ५ किलोमीटर धावणं असतं. ऑलिम्पिकमध्ये याच्या दुप्पट. तिथे बायकांना मॅरेथॉनसाठी १९८४ पर्यंत थांबावं लागलं. ट्रायथलॉन मात्र २००० साली सिडनीत आलं तेच दोघांसाठी, आणि अंतरही सारखंच.

आता खर्च. हेल्मेट, पायाला नीट बसणारे बूट आणि छातीला आधार देणारी ब्रेसियर, यांत काटकसर नको. हेल्मेटशिवाय स्पर्धेत सायकलवर बसूच देत नाहीत. पोहण्याचा पोशाख, टोपी, चष्मा साधा चालतो. थंड देशांतला रबरी सूट आपल्याकडच्या कोमट पाण्यात लागत नाही. सरावाला सायकल जुनी चालेल, भाच्याची, शेजारणीची. ब्रेक आणि टायर तेवढे तपासा. सीट अशी ठेवा, की पेडल अगदी खाली असताना त्यावर टाच ठेवली तर पाय सरळ व्हावा. खायला केळं, गूळ-शेंगदाणे; प्यायला लिंबू-मीठ-साखरेचं पाणी.

आठवड्यातून एकदा सायकलवरून उतरल्याबरोबर दहा मिनिटं धावा. पाय लाकडासारखे होतात. हळूहळू सवय होते. तळ्यात किंवा समुद्रात एकटीनं कधीही उतरू नका.

आणि आधी सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन तपासून घ्या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. घरात सगळ्यांत शेवटी जेवणारीच्या ताटात काय उरतं, त्याचाही हा हिशेब आहे.

पण खरी महाग वस्तू दुकानात मिळत नाही. ती म्हणजे वेळ. नवरा पहाटे पळायला गेला, तर तो तब्येतीला जपतो. बायको गेली, तर डबे कोण करणार? अंधारात एकटी कशी जाणार? रस्त्यावर लोक काय म्हणतील? हे प्रश्न एकटीनं सुटत नाहीत. आम्ही चौघी आहोत, सायकली दोन. दोघी रस्त्यावर, एक धावायला, एक मुलांपाशी. दुसऱ्या दिवशी पाळी बदलते. घरी डब्यांची वाटणी झाली, ती भांडूनच झाली.

आमच्या गावच्या तलावावर बायकांची वेळ भरदुपारी होती. कामावर जाणारी बाई दुपारी बाराला कशी येणार? आम्ही अर्ज दिले. तिसऱ्या अर्जानंतर संध्याकाळचा एक तास मिळाला. त्या तासाला आता पोहायला न येणाऱ्या बायकाही शिकायला येतात. माझ्या लेखी कुठल्याही पदकापेक्षा तो तास मोठा आहे.

तेव्हा सायकलची किंमत नंतर विचारा. आधी तुमच्या गावच्या तलावावर जा. बायकांची वेळ कोणती, फी किती, ते विचारा. सोयीची नसेल तर अर्ज लिहा. सह्या गोळा करणं तर आपल्याला येतंच!