अंगातलं बळही बचतीसारखंच

भांडीकुंडी आवरून रेडिओजवळ बसला असाल, तर पाय लांब करून जरा निवांत बसा. आज कर्जाचं आणि हप्त्याचं बोलायचं नाही. आज आपल्या अंगातल्या बळाचं बोलू.

यंदा संक्रांतीचं वाण लुटताना आमच्या गटातल्या बाराजणींनी मोठा निश्चय केला. पहाटे पाचला उठून फाट्यापर्यंत चालायचं, चहा सोडायचा, रात्री नऊला झोपायचं. पहिल्या दिवशी बाराजणी निघालो. आठव्या दिवशी फाट्यावर दोघीच होत्या. ज्वारीची काढणी लागली आणि त्याही थांबल्या. चहा तर तिसऱ्याच दिवशी परत आला होता! पुढच्या बैठकीत सगळ्या माना खाली घालून बसलो. कुणी म्हणालं, "आपण आळशीच." कुणी म्हणालं, "मनच घेत नाही."

त्याच महिन्यात आशाताईंनी आम्हाला ओढूनच उपकेंद्रात रक्त तपासायला नेलं. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ तरी असावं. आमच्यातल्या आठजणींचं त्याखाली निघालं. एकीचं तर ७.२! ती वर्षभर बैठकीत भिंतीला टेकून बसायची, हंडा आणताना दोनदा थांबायची, आणि आम्ही तिला 'म्हातारी' म्हणून चिडवायचो. पाळीत खूप जातं, हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. सिस्टरनी तिला लगेच ग्रामीण रुग्णालयात पाठवलं.

त्या दिवशी आम्हाला आमचीच लाज वाटली. ज्याला आम्ही आळस म्हणत होतो, तो थकवा होता. रक्तच कमी असेल तर पहाटे उठायची उमेद येणार कुठून? आणि हे आमच्याच गावाचं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आढळला. म्हणून पहिलं काम निश्चयाचं नाही, तपासणीचं.

दुसरी गोष्ट आम्ही आमच्या बचतीकडूनच शिकलो. गट सुरू झाला तेव्हा बचतीत कुणाचं मन होतं? पण रक्कम लहान, तारीख ठरलेली, पैसे सगळ्यांसमोर द्यायचे आणि वहीत सही करायची. म्हणून ती टिकली. मन नंतर लागलं. मग तब्येतीलाच एका दिवसात हजार रुपये कसे मागायचे?

आता आम्ही दर महिन्याला प्रत्येकीनं एकच लहान गोष्ट धरायची असं ठरवलंय. वहीच्या मागच्या पानावर नाव आणि ती गोष्ट लिहितो. आधी चुकलं तर पाच रुपये दंड ठेवला होता. झालं काय, चुकलेली बाई बैठकीलाच येईना! दंड काढून टाकला. आता एवढंच विचारतो, "काय आडवं आलं गं?"

कुणी जेवणाला लागून चहा घेणं सोडलं. चहामुळे जेवणातलं लोह अंगाला कमी लागतं, म्हणून तासभर थांबून घेते. कुणी पालेभाजीवर, मटकीच्या उसळीवर लिंबू पिळते; त्यानं लोह चांगलं लागतं. कुणी रात्री साडेनऊला मोबाईल बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावते. एक सून आता सगळ्यांबरोबर ताटावर बसते. पहिले चार दिवस सासूबाई बोलल्या, पाचव्या दिवशी त्यांनीच तिच्या ताटात भाजी वाढली.

आणि चालण्याचं? दिवसभर खुरपणी करणारीला पहाटे आणखी चालायला लावणं ही आमची चूकच होती. तिला पोटभर जेवण आणि झोप हवी. शिलाई मशीनवर बसणारीनं मात्र चालावं. आमच्यातली एक डेअरीला दूध घालून येताना लांबच्या रस्त्यानं येते. वेगळा वेळ काढावा लागत नाही, आणि "कुठं हिंडतेस?" असंही कुणी विचारत नाही.

लोहाच्या गोळ्या मिळाल्या असतील तर सिस्टर सांगतील तशा घ्या, चहाबरोबर नको. शौचाला काळं झालं तर घाबरू नका, गोळीनं तसं होतं. मळमळलं तर मनानं बंद करू नका, त्यांना विचारा.

आमचं सगळं सुरळीत झालंय असं नाही. गेल्या महिन्यात लग्नसराईत पाचजणींचं पान कोरंच राहिलं. पण त्या बैठकीला आल्या आणि नव्यानं नाव लिहिलं. आणि ती ७.२ वाली? तिचे उपचार अजून चालू आहेत, हिमोग्लोबिन १० च्या वर गेलंय. परवाच्या बैठकीत ती भिंत सोडून मधोमध बसली होती.

तुमच्या पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की वही मिटू नका. मागचं पान उघडा आणि शेजारी बसलेल्या बाईला विचारा, "तुझं रक्त कधी तपासलंस?"