विमानाच्या शेपटीतील शीळ



आपल्या पूर्वजांच्या विमानांविषयी महाराष्ट्रात आजवर पुष्कळ व्याख्याने झाली आहेत. आजचा विषय मात्र आपल्या नातवंडांच्या विमानाचा आहे, आणि त्यातही विमानाच्या एका अशा भागाचा, की ज्याकडे प्रवाशाचे सहसा लक्ष जात नाही.

प्रवासी विमानात चढत असतात तेव्हा मुख्य इंजिने बंद असतात. तरीही आत दिवे लागलेले असतात, थंड हवा खेळत असते, वैमानिकापुढील उपकरणे जागी असतात. बाहेरून वीज जोडलेली नसेल, तर हे सारे चालवते शेपटीच्या टोकाला बसवलेले सहाय्यक ऊर्जा संयंत्र. विमानतळावरची माणसे त्याला नुसते 'एपीयू' म्हणतात. विमानाजवळ ऐकू येणारी ती कर्कश शीळ त्याचीच. हे एक छोटे गॅस टर्बाइन असते. ते रॉकेलच्या जातीचेच इंधन जाळते, वीज देते, दाबाखालची हवा पुरवते आणि त्या हवेच्या जोरावर मुख्य इंजिन सुरू होते. आकाशात एखादे जनित्र निकामी झाले, तरी हाच गडी मदतीला धावतो. मात्र गडी खादाड आहे. जमिनीवर उभ्या विमानात तो जेवढे इंधन जाळतो, त्यातल्या ऊर्जेचा जेमतेम पाचवा हिस्सा उपयोगी पडतो. उरलेली सारी उष्णता, धूर आणि आवाज यांच्या रूपाने वाया जाते.

या संयंत्राच्या जागी इंधनघट बसवता येईल का, हा प्रश्न म्हणूनच पुढे आला. इंधनघटात ज्वलन नाही. एका बाजूने हायड्रोजन, दुसऱ्या बाजूने हवेतला प्राणवायू, मध्ये एक पातळ पटल. हायड्रोजनचा धनभारित कण पटलातून पलीकडे जातो. ऋणभारित इलेक्ट्रॉनला मात्र बाहेरच्या तारेने वळसा घालावा लागतो, आणि तो वळसा हीच आपली वीज. शेवटी उरते पाणी. एक किलो हायड्रोजनमागे नऊ किलो पाणी.

कल्पना नवी नाही. विल्यम ग्रोव्ह या ब्रिटिश शास्त्रज्ञाने 1839 च्या सुमारासच ती दाखवून दिली होती. हे गृहस्थ पेशाने वकील आणि पुढे न्यायाधीश झाले! मात्र त्या कल्पनेला कामाचे रूप यायला शतकभर लागले. फ्रान्सिस टॉमस बेकन या अभियंत्याने नोकरी सांभाळून, वरिष्ठांच्या नकळत प्रयोग चालवले. प्रयोग सोडा किंवा नोकरी सोडा, असे सांगितले गेल्यावर त्याने नोकरी सोडली. 1959 साली त्याने सुमारे 5 किलोवॉटचा संच चालवून दाखवला. त्याच पद्धतीचे घट अपोलो यानांत बसले आणि चंद्राकडे निघालेले अंतराळवीर त्या घटांतून निघालेले पाणी प्यायले. 1970 च्या एप्रिलमध्ये अपोलो-13 वर प्राणवायूची टाकी फुटली, तेव्हा घट बंद पडले आणि यान अंधारात गेले. घटाची थोरवी आणि त्याचे परावलंबन, दोन्ही तेथे दिसले.

विमानात हा प्रयोग आला तो 2008 साली. त्या वर्षी बोइंगने स्पेनमधील ओकान्या येथे एका छोट्या विमानाला इंधनघटाच्या बळावर सुमारे वीस मिनिटे आकाशात सरळ उडवले. उड्डाण घेताना मात्र बॅटरीची मदत लागली होती. त्याच वर्षी फेब्रुवारीत एअरबसने जर्मन अवकाश-संशोधन केंद्राच्या ए-320 विमानात 20 किलोवॉटपर्यंतचा घट नेला आणि आणीबाणीच्या वेळी पंखांवरील झडपा हलवणारा पंप त्यावर चालवून पाहिला. 2011 साली हॅम्बर्गला त्याच विमानाच्या पुढच्या चाकांत विद्युत मोटर बसवली, आणि मुख्य इंजिने बंद ठेवून विमान धावपट्टीच्या बाजूने चालत गेले.

जर्मनांची दृष्टी येथे खरी कौतुकास्पद आहे. घटातून बाहेर पडणारे पाणी स्वच्छतागृहासाठी वापरता येते, म्हणजे उड्डाणापूर्वी तेवढे पाणी लादावे लागत नाही. प्राणवायू कमी झालेली उरलेली हवा इंधनटाकीत सोडली, तर टाकीत स्फोट होण्याचा धोका कमी होतो. 1996 साली न्यूयॉर्कजवळ टीडब्ल्यूए-800 हे विमान टाकीतल्या वाफांच्या स्फोटाने कोसळले होते, हे येथे आठवावे. आपल्या घरी आजी नारळाची करवंटीही फेकत नसे. त्याच चालीचा हा विचार.

मग हे सर्वत्र का झाले नाही? कारण हायड्रोजन हलका असला तरी त्याचे बिऱ्हाड जड आहे. वजनाच्या मानाने त्यात विमानाच्या इंधनाच्या पावणेतीन पट ऊर्जा असते. पण द्रवरूपातही तो चौपट जागा मागतो आणि त्यासाठी उणे 253 अंशांची थंडी राखावी लागते. वायुरूपात ठेवायचा, तर 700 पट दाब सोसणाऱ्या टाकीच्या वजनात हायड्रोजनचा वाटा शेकडा पाच-सहाच भरतो. दुसरी अडचण उष्णतेची. टर्बाइन आपली उष्णता धुराड्यातून फेकून देते. घट मात्र 80 अंशांच्या आसपास चालतो, आणि एवढी मंद उष्णता बाहेर काढायला मोठे रेडिएटर लागतात. एअरबसने 2023 साली ए-330 विमानातील एपीयूच्या जागी घट बसवून, 10 किलो हायड्रोजनवर 25 हजार फुटांपर्यंत चढण्याचा बेत जाहीर केला. हायड्रोजनवरील प्रवासी विमान 2035 पर्यंत आणण्याची मुदत मात्र लांबणार, हे त्याच कंपनीला 2025 साली सांगावे लागले.

आता आपल्या देशाकडे वळू. 2023 साली भारतातील दोन विमान कंपन्यांनी मिळून 970 विमानांची मागणी नोंदवली. आकडा ऐकून छाती फुगते. पण यातील एकही विमान आपले नाही. शेपटीतले ते संयंत्रही परदेशी, आणि उद्या तेथे घट आला, तर तोही परदेशीच यावा काय? घटाचे मर्म त्या पातळ पटलात आहे. 'नाफिऑन' नावाचे प्रसिद्ध पटल अमेरिकेच्या ड्युपाँट कंपनीने 1960 च्या दशकात शोधले. ज्याच्या हाती पटल, त्याच्या हाती किल्ली. क्रायोजेनिक इंजिनाचा धडा आपण विसरलेलो नाही. 1993 साली अमेरिकेच्या दडपणाखाली रशियाने तंत्रज्ञान देण्याचे नाकारले, आणि स्वदेशी क्रायोजेनिक इंजिनाने जीएसएलव्ही यशस्वी व्हायला 5 जानेवारी 2014 उजाडावे लागले. मात्र त्या वीस वर्षांत द्रव हायड्रोजन हाताळण्याची विद्या आपल्या घरची झाली.

बरोबर दहा वर्षांनी, 5 जानेवारी 2024 रोजी, इस्रोने पीएसएलव्हीच्या कक्षेत फिरत्या अखेरच्या टप्प्यावर 100 वॉट वर्गाचा स्वतःचा इंधनघट चालवून पाहिला. पुण्यात 2022 च्या ऑगस्टमध्ये सीएसआयआर आणि केपीआयटी यांनी बनवलेली इंधनघटाची बस रस्त्यावर दाखवली गेली. आणि अंबरनाथला, लोकलने सहज जाता येते अशा ठिकाणी, नौदल पदार्थ संशोधन प्रयोगशाळेने पाणबुडीसाठी घट तयार केला आहे. 2021 च्या मार्चमध्ये त्याच्या जमिनीवरील नमुन्याची चाचणी यशस्वी झाली. त्याचा विशेष असा, की त्याला हायड्रोजनची टाकी बरोबर न्यावी लागत नाही. वायू पाणबुडीतच तयार होतो. विमानाला वजनाचा जो जाच, तो पाणबुडीला नाही, म्हणून हा संच जसाच्या तसा आकाशात जाणार नाही. पण घट घडवणारे हात अंबरनाथला आहेत, पुण्याला आहेत, तिरुवनंतपुरमला आहेत. त्यांना विमानाचे काम अजून कोणी सांगितलेले दिसत नाही.