लवकर खरेदी की तेजीची खात्री?



भाव उतरताच समभाग घ्यावेत, की तेजी निश्चित होईपर्यंत थांबावे, हा प्रश्न मला आपल्यापैकी अनेकजण विचारतात. त्यासाठी २००८-०९ चा काळ आठवावा.

जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्सने २१,००० ची पातळी ओलांडली होती. १७ मार्च रोजी तो सुमारे १४,८०० वर उतरला. 'आता स्वस्त झाले' असे मानून ज्याने तेव्हा खरेदी केली, त्याला ९ मार्च २००९ रोजी ८,१६० हा आकडा पाहावा लागला. मधल्या काळात घरी कन्येचे शुभकार्य अथवा व्यापारातील देणी निघाली असतील, तर जवळजवळ निम्म्या भावात विक्री करणे त्याला भाग पडले असणार.

थांबणाराही सुटला नाही. निवडणुकीच्या निकालानंतर, १८ मे २००९ रोजी, सेन्सेक्स २,११० अंशांनी उसळला, व्यवहार थांबवावे लागले आणि तो १४,२८४ वर बंद झाला. तळापासूनची पाऊणपट वाढ त्याच्या हातून गेली होती. तथापि गंमत अशी, की वर्षभर आधी घाई करणाऱ्यापेक्षा त्याला निर्देशांक स्वस्तच मिळाला!

खात्रीही फसवी असते. मे २००८ मध्ये सेन्सेक्स १७,००० च्या वर गेला, तेव्हाही तेजी परतल्यासारखी वाटली होती.

म्हणून लवकर खरेदी करू इच्छिणाऱ्यास मी प्रथम भाव विचारीत नाही. ती रक्कम संसाराला किती वर्षे लागणार नाही, हे विचारतो. उत्तर पाच वर्षांहून कमी आले, तर मी त्यास बँकेच्या मुदत ठेवीकडे पाठवितो.